रायपुरातील उमेदवारीचा शिरस्ता

१८१७ च्या अखेरीस सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरकर भोसल्यांच्या मुलखाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला आणि पुढल्या वर्षी छत्तीसगढचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवण्यात आले, ही घटना इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपते. परंतु ठाणे हलते तेव्हा अधिकाऱ्याच्या खुर्चीमागोमाग दप्तराचे रुमाल, रुमाल बांधणारे कारकून, कारकुनांची बिऱ्हाडे आणि त्या कारकुनांच्या हाताखाली आज ना उद्या एखादी जागा रिकामी होईल या आशेवर बसलेले बिनपगारी उमेदवार, असा सगळा लवाजमा चालत येतो. शिवनाथ नदीच्या उत्तरेचे अठरा गढ रतनपूरचे आणि दक्षिणेचे अठरा रायपूरचे, अशी त्या मुलखाची जुनी वाटणी होती. तीत रायपूरकडे धाकटेपण होते. इंग्रज अधिकारी मेजर अॅग्न्यू यांच्या अमदानीत ते थोरले झाले, आणि नागपुराहून संबळपुराकडे जाणारी वाट पुढे ग्रेट ईस्टर्न रोड या नावाने पक्की झाल्यावर तर या शहराच्या थोरपणाविषयी कोणास शंका उरली नाही. आजही शहराच्या मध्यातून जाणारा हा रस्ता लोकांच्या तोंडी जी. ई. रोड म्हणूनच आहे.

मार्गांच्या सांध्यावर वसलेल्या या शहरात निरोप वाहण्याचे जे जे नवे साधन आले, त्या त्या साधनाभोवती उमेदवारांची एक पिढी उभी राहिली, आणि त्या प्रत्येक पिढीने अस्सल काम हाती येण्यापूर्वी त्याची नक्कल गिरवून हात बसवण्याचा शिरस्ता पाळला. संगणकाच्या जाळ्यातील राउटर आणि स्विच यांची रचना करण्याचा सराव करून सीसीएनए नावाची परीक्षा देणारी आजची मुले ही त्या परंपरेतली अगदी अलीकडची पिढी होय. त्यांचा धंदा परदेशातून आला, त्यांची भाषा इंग्रजी आहे, आणि त्यांस स्वतःस या वंशावळीची जाणीव असण्याचे कारण नाही. तथापि वंशावळ खरी आहे.

तिचे मूळ मराठी अमलात सापडते. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर भोसल्यांच्या कह्यात आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहत होते, आणि त्यांच्या पश्चात सुभेदारांची राजवट आली. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी गढांची जुनी व्यवस्था मोडून मुलूख परगण्यांत विभागला व परगण्यापरगण्यांत कमाविसदार, फडणवीस, बरकंदाज असे अंमलदार तैनात केले. या व्यवस्थेचे गुणदोष काहीही असोत, तिच्यामुळे कागद वाढला, आणि तो कागद मोडीत लिहिला जाई. मोडीचा हात बसणे ही काही चार दिवसांची गोष्ट नव्हे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिला लोंबकळत अक्षरे अशी सोडायची की बोरू उचलण्याचा प्रसंग कमीतकमी यावा. आणि अक्षर साधले तरी मायन्याचा प्रश्न उरेच, कारण बरोबरीच्या माणसास, वडीलधाऱ्यास, सरदारास, ब्राह्मणास, परमुलखातील राजास असे प्रत्येकास निराळे संबोधन, आणि त्यात एका शब्दाची चूक झाली तर खलिता नेणाऱ्या जासुदापेक्षा लिहिणाऱ्या कारकुनाची फजिती अधिक. म्हणून उमेदवार वर्षानुवर्षे जुन्या यादींच्या नकला करीत बसत. समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, यावरून या अभ्यासास त्या काळी किती प्रतिष्ठा होती हे कळून येते. आणि तो ग्रंथ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे रायपुराशी जन्मभर बांधलेले मराठी गृहस्थ असावेत, वामनराव लाखे व रामराव चिंचोलकर यांच्यासह १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारेही तेच असावेत, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. तात्यापाऱ्यातील मराठी घरांनी या शहरास जे दिले त्यात देवळे व नाटके यांच्या जोडीला लेखणीची शिस्तही मोजली पाहिजे.

रेल्वे आली ती १८८० च्या दशकाच्या अखेरीस, बंगाल-नागपूर कंपनीची. १८९१ साली नागपूर ते आसनसोल हा मार्ग सलग झाला, आणि रुळांबरोबर खांबांवरून तार आली. येथे नकलेला प्रथमच यंत्राचे रूप मिळाले. तारबाबू होऊ पाहणारा उमेदवार एकाच फळीवर बसवलेली कळ आणि खटखट करणारे ग्राहक-यंत्र यांवर बोट चालवी. तार टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतच गेलेली, दुसऱ्या टोकास गाव नाही, स्टेशन नाही, निरोपाची वाट पाहणारे कोणी नाही, पण कानास आणि बोटास ते ठाऊक नसे. हा धंदा शतकाहून अधिक काळ माणसे पोसून २०१३ च्या जुलैत सरकारी तार बंद झाली तेव्हा संपला. तारेमागोमाग आलेल्या टंकलेखन व लघुलेखनाच्या वर्गांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. सरकारी नोकरीच्या आशेने त्या यंत्रांवर बोटे दुखवून घेतलेली माणसे अजून घरोघर आहेत आणि ती आपली कथा आपणच सांगतील.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले व रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे मध्ये खंड पडत का होईना ज्या शहराकडे पाहून रायपूरचा कारभार चालला होता ते शहर परराज्यात पडले आणि कागद भोपाळकडे जाऊ लागले. ४४ वर्षांनी त्याच तारखेस, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी. या दोन तारखांच्या दरम्यान कागदाचीच जात बदलली होती. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांच्या कचेऱ्या उपग्रहाच्या द्वारे दिल्लीशी जोडण्यास आरंभ केला होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनांस इंटरनेट खुले केले होते. नवे राज्य जन्मले तेव्हा त्याच्या कचेऱ्यांस रुमालांइतकीच जाळ्याची गरज होती. 'चिप्स' या नावाने ओळखली जाणारी सरकारी संस्था त्या कामी उभी राहिली, आणि राजधानी, जिल्हे व विकासखंड यांस एका जाळ्यात गुंफण्याची राज्यव्यापी योजना पुढे आली. बँका, भिलाई व रायपूरच्या परिसरातील कारखाने, महाविद्यालये, रुग्णालये यांच्याही भिंतींवर लोखंडी कपाटे लागली. ती कपाटे सांभाळणार कोण, या प्रश्नाबरोबर उमेदवारी पुन्हा सुरू झाली.

आता या परीक्षेची हकीकत. सिस्को ही अमेरिकन कंपनी १९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने काढली. एका जाळ्यातून निघालेला मजकूर दुसऱ्या जाळ्यातील योग्य पत्त्यावर पोहोचवण्याची वाट ठरवणारे यंत्र म्हणजे राउटर, आणि ते कंपनीचे मुख्य उत्पादन. यंत्रे खपू लागली पण ती चालवणारी माणसे मिळेनात, तेव्हा १९९३ साली कंपनीने सीसीआयई नावाची अतिशय कठीण परीक्षा सुरू केली. तिचा प्रात्यक्षिक भाग आरंभी दोन दिवसांचा असे. उत्तीर्णांस द्यावयाच्या क्रमांकांत १०२४ हा क्रमांक खुद्द प्रयोगशाळेसच देण्यात आला आणि माणसांचे क्रमांक १०२५ पासून चालू झाले. दोनच्या घातांत रमणाऱ्या लोकांचा हा विनोद समजून घेण्यास गणिताची थोडी गोडी लागते. पर्वताचे शिखर असे बांधून झाल्यावर पायथ्याशी पायरी हवी होती. ती १९९८ साली सीसीएनए या रूपाने आली, आणि रायपूरसारख्या शहरांतील मुलांच्या दृष्टीस जी परीक्षा पडली ती ही.

आरंभीच्या काळात सरावाचा मुख्य अडथळा यंत्रांचा होता. क्लास म्हणून एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यांतल्या एकीत परदेशी कचेऱ्यांतून निवृत्त होऊन आलेले २५०० मालिकेचे दोन-तीन राउटर, एवढे भांडवल असले तरी तो क्लास श्रीमंत समजावा. या मालिकेतील २५०१ हे यंत्र दिसण्यात सामान्य: चपटी पेटी, एक इथरनेटचे द्वार, दोन सीरियल द्वारे, आणि कन्सोलचे एक छिद्र. फिकट निळ्या रंगाची चपटी केबल त्या छिद्रातून संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या द्वारात लावायची, हायपरटर्मिनल उघडून गती ९६०० ठेवायची, आणि पडद्यावर यंत्राचा पहिला प्रतिसाद उमटण्याची वाट पाहायची. या वेळी पडद्यावर कचऱ्यासारखी अक्षरे आली तर गती चुकली आहे, आणि काहीच आले नाही तर केबल चुकली आहे, हे पहिले ज्ञान. पुढे लॅपटॉपांवरून ते नऊ टाचण्यांचे द्वारच नाहीसे झाले आणि ते यूएसबीला जोडणारा तुकडा ही उमेदवाराच्या पिशवीतली आवश्यक वस्तू बनली.

यंत्राशी बोलण्याचाही मायना असतो. 'इनेबल' म्हटल्यावाचून ते अधिकार देत नाही. 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटल्यावाचून ते हुकूम घेत नाही. द्वाराचे नाव घेऊन त्यात शिरल्यावाचून त्या द्वाराविषयी काही सांगता येत नाही. आणि पत्ता नीट दिला तरी 'नो शटडाउन' म्हणेपर्यंत राउटरचे द्वार मिटलेलेच राहते. एकाच जाळ्यातील यंत्रे आपसांत जोडणाऱ्या स्विचचे वर्तन नेमके उलटे: त्याची द्वारे उपजत उघडी असतात आणि बंद करण्यास हुकूम लागतो. राउटरवर शिकून स्विचकडे वळलेला उमेदवार येथे अडखळतो. सर्व हुकूम बिनचूक देऊनही जो शेवटी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' म्हणण्यास विसरतो, त्याचे सारे लेखन वीज जाताच पुसले जाते. आणि विजेचा लपंडाव ज्यांनी पाहिला आहे त्यांस हा धडा दुसऱ्यांदा शिकवावा लागत नसे.

दोन राउटर एकमेकांस सीरियल केबलने जोडले की आणखी एक गंमत दिसे. प्रत्यक्ष व्यवहारात या दोन यंत्रांमध्ये टेलिफोन कंपनीची लांबच लांब वाहिनी असते आणि संकेतांचा ठेका कंपनीचे उपकरण धरते. खोलीत कंपनी नाही, म्हणून दोहोंपैकी एका राउटरलाच तो ठेका धरायला सांगावे लागते. केबलीच्या ज्या टोकावर डीसीई असे लिहिलेले असेल त्या बाजूस 'क्लॉक रेट ६४०००' असा हुकूम दिला नाही तर दोन्ही द्वारे उघडी असूनही मार्ग मृत राहतो. तारबाबूच्या फळीवर जे घडे तेच येथे घडते: तीन फुटांच्या केबलीला रायपूर ते दिल्ली एवढे अंतर मानून काम करायचे.

२००५ साली ख्रिस्तोफ फिलो या फ्रेंच तंत्रज्ञाने डायनॅमिप्स नावाची आज्ञावली केली, आणि राउटरच्या अंतरंगात चालणारे अस्सल सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालू लागले. तिच्यावर जीएनएस३ हे चित्रमय आवरण चढले. स्वतः सिस्कोने आपल्या नेटवर्किंग अकादमीच्या विद्यार्थ्यांसाठी पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर दिला. आता भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलालाही दहा राउटरांचे जाळे बांधणे शक्य झाले. माझ्या मते या परीक्षेच्या इतिहासातील रायपुराच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना हीच. बंगळूर, पुणे येथील मुलास जी यंत्रे हाताळण्यास मिळत, त्यांच्या अभावाचे दुःख तिने बरेचसे दूर केले.

बरेचसे म्हणण्याचे कारण स्विच. डायनॅमिप्समध्ये राउटरची नक्कल उतरली, स्विचची उतरेना, कारण राउटरचे पुष्कळसे काम आज्ञावलीच्या भाषेत चालते आणि स्विच आपले काम खास घडवलेल्या चिपांच्या बळावर, निमिषार्धात उरकतो. चिपांची नक्कल साध्या संगणकास सहजी साधत नाही. इथरनेटचा पहिला व्यापारी स्विच १९९० च्या सुमारास ज्या कंपनीने आणला तिचे नाव कल्पना. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते, आणि पत्नीचे नाव त्यांनी कंपनीस दिलेले. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. आपल्याकडे स्विच शिकणाऱ्या हजारो मुलांस हे नाव कोणी सांगत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. असो. नक्कल न उतरल्याने जीएनएस३ वापरणारे विद्यार्थीही जुना २९५० किंवा २९६० स्विच कोठे स्वस्तात मिळतो का याच्या शोधात असत, आणि पंखा घरघरणारे ते यंत्र पलंगाखाली ठेवून त्याच्यावर व्हीलॅनचे, म्हणजे एकाच स्विचमधील आभासी जाळ्यांचे, भाग पाडीत.

सरावाचा दुसरा भाग कागदावरचा. जाळ्याचा नेहमीचा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्याचे तुकडे पाडून प्रत्येक कचेरीस हवे तेवढेच पत्ते देणे यास सबनेटिंग म्हणतात. ६४ पत्त्यांचा तुकडा पाडला तर पहिला आणि शेवटचा वगळून ६२ हाती लागतात. परीक्षेत हा हिशेब काही सेकंदांत झाला पाहिजे, आणि गणकयंत्र जवळ नसते. म्हणून मुले १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२ ही माळ घोकतात. आमच्या आजोबांच्या पिढीने पंतोजींपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशीच घोकली होती, आणि त्या घोकंपट्टीची चेष्टा करून आम्ही सुशिक्षित ठरलो. आता आमची नातवंडे तिच्याच बळावर नोकऱ्या मिळवीत आहेत.

या उमेदवारीस एक कीडही लागली. आरंभीची परीक्षा केवळ पर्यायी प्रश्नांची होती. पुढे तीत नकली राउटरवर काम करून दाखवण्याचे प्रश्न आले. परंतु फुटलेले प्रश्न उत्तरांसह पाठ करून, एकदाही कन्सोल न उघडता उत्तीर्ण होणारा वर्ग सर्वत्र निर्माण झाला आणि जुन्या हातांनी या प्रमाणपत्रालाच कागदी म्हणून हिणवण्यास सुरुवात केली. हिणवणे अन्यायाचे नव्हते. पण त्याच जुन्या माणसांनी सिम्युलेटरवर शिकलेल्यांनाही त्याच पंक्तीत बसवले, हे मला पटत नाही. प्रश्न पाठ करणारा फक्त उत्तर गिरवतो. सिम्युलेटरवर बसणारा काम गिरवतो.

नक्कल कोठे तोकडी पडते हेही सांगितले पाहिजे. एकाच स्विचला केबलीची दोन्ही टोके चुकून लागली, तर निरोप गोल फिरत वाढत जातात. १९८५ साली रेडिया पर्लमन या विदुषीने अशी वर्तुळे ओळखून तोडण्याची स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली नसती, तर मोठी जाळी उभीच राहिली नसती. सिम्युलेटरमध्ये वर्तुळ झाले तर पडद्यावरचे ठिपके लुकलुकतात. कचेरीत झाले तर सारे टेलिफोन एकदम वाजतात. याहून विलक्षण प्रकार व्हीटीपीचा. या सोयीने एका स्विचवरील व्हीलॅनांची यादी इतरांस आपोआप मिळते, आणि ज्याच्या यादीचा आवृत्ती-क्रमांक मोठा त्याची यादी खरी मानली जाते. सरावाच्या स्विचवर यादी शंभरदा बदललेली असते, म्हणून त्याचा क्रमांक मोठा. तोच स्विच नीट न पुसता, त्याच क्षेत्रनामाने कचेरीच्या जाळ्यास जोडला, तर सरावाची यादी सर्वत्र पसरते आणि कचेरीचे व्हीलॅन नाहीसे होतात. कित्त्याने अस्सल दप्तर पुसून टाकावे असा हा अनर्थ जगभर अनेक ठिकाणी घडला आहे, आणि प्रत्येक चांगला शिक्षक त्याची कथा सांगतो.

पूर्वी गादीवर नवा धनी आला की जुनी सनद ताजी करून घ्यावी लागे. सीसीएनएचा दाखलाही तीन वर्षांनी शिळा होतो, आणि दर खेपेस अभ्यासक्रम हललेला असतो: आयएसडीएन हा विषय २००७ साली गेला, फ्रेम रिले हा २०१६ साली गेला, २४ फेब्रुवारी २०२० पासून नव्या स्वरूपाची परीक्षा आली आणि तीत जाळ्यास हाताऐवजी आज्ञावलीने हुकूम देण्याचे पाठ शिरले. शिकलेले विसरण्याचा वेग या धंद्याइतका क्वचितच दुसरीकडे असेल, आणि म्हणूनच त्याचा इतिहासही लवकर भंगारात जातो. मोडीचे रुमाल निदान अभिलेखागारांत पोहोचले. तारेच्या कळा थोड्याबहुत संग्रहालयांत दिसतात. परंतु ज्या यंत्रांवर नव्या राजधानीची पहिली तांत्रिक पिढी शिकली, ती यंत्रे किलोच्या भावाने जात आहेत. रायपुरातील ज्या क्लासांच्या, महाविद्यालयांच्या किंवा कचेऱ्यांच्या माळ्यावर एखादा २५०१ अजून पडून असेल, हाताने काढलेल्या आकृत्यांच्या वह्या असतील, त्यांनी भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी त्यांतला एक संच निवडून, चालू स्थितीत, केबलीसह, कोणा ग्रंथालयाकडे किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे सोपवावा, आणि सोबत ते यंत्र कोठे होते व त्यावर काय शिकवले जाई याची एक पानभर नोंद लिहून द्यावी, एवढी विनंती आहे.